मुखवटा घालणारा पहिला गोलरक्षक झाक प्लांत नव्हे

आइस हॉकीत चेहऱ्यावर मुखवटा घालणारा पहिला गोलरक्षक म्हणजे माँट्रियल कॅनेडियन्सचा झाक प्लांत, हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे.

प्लांतच्या जवळपास तीस वर्षं आधी, १९३० मध्ये, माँट्रियल मरून्सच्या क्लिंट बेनेडिक्टनं चामड्याचा मुखवटा घालून एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचे) सामने खेळले. प्रतिस्पर्धी खेळाडू हाउई मोरेन्झनं मारलेली चकती (आइस हॉकीत चेंडूऐवजी वापरतात ती) तोंडावर बसून त्याचं नाक मोडलं होतं. पण मुखवट्याच्या नाकाडामुळे खालून येणारी चकती नीट दिसेना, म्हणून त्यानं तो लवकरच टाकून दिला. त्याच्याही आधी, १९२७ मध्ये, कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या एलिझाबेथ ग्रॅहमनं तलवारबाजीचा मुखवटा वापरला होता. तिचं नाव मात्र क्वचितच निघतं!

मग प्लांतनं केलं काय? सरावात तो मुखवटा घालतच असे. सामन्यात घालायला प्रशिक्षक टो ब्लेक यांचा विरोध होता. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रतिस्पर्धी अँडी बाथगेटनं मारलेल्या चकतीनं त्याचा चेहरा फाटला. टाके घालून आल्यावर त्यानं बजावलं, मुखवट्याशिवाय उतरणार नाही. बाकावर दुसरा तयार गोलरक्षकच नव्हता, त्यामुळे ब्लेक यांचा नाइलाज झाला. माँट्रियलनं तो सामना ३-१ असा जिंकला आणि त्या मोसमात एनएचएलचं विजेतेपद, म्हणजे स्टॅनली कपही. हरला असता, तर मुखवट्यावरच खापर फुटलं असतं.

तरीही सगळ्यांनी लगेच अनुकरण केलं नाही. एनएचएलमधला शेवटचा बिनमुखवट्याचा गोलरक्षक अँडी ब्राउन १९७४ पर्यंत तसाच खेळत होता.