वेस्टगेट आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह: एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात नको

टर्बो पेट्रोल गाडीचा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) किंवा इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्या बदलण्याचा विषय निघाला की "बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) वाढवायचा असेल तर मोठा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह टाका" असा सल्ला हमखास ऐकू येतो. सल्ला देणाऱ्याच्या मनात वेस्टगेट असते आणि तोंडी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह येतो. दोन्ही दाबाशी निगडित झडपा आहेत एवढ्यावरून त्या एकाच कामाच्या मानल्या जातात, आणि मग ज्या सुट्या भागाने बूस्टमध्ये तसूभरही फरक पडणार नाही त्यावर हजारो रुपये खर्च होतात.

जागेचा फरक बहुतेकांना माहीत असतो. वेस्टगेट एक्झॉस्टच्या तापलेल्या बाजूला, टर्बाइनच्या (एक्झॉस्ट वायूने फिरणाऱ्या चाकाच्या) आधी असते. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हवेच्या बाजूला, कंप्रेसर (टर्बाइनच्या जोरावर हवा दाबणारे चाक) आणि थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्या दरम्यान असतो. टर्बाइनच्या घरातच बसवलेले वेस्टगेट आणि बाहेर वेगळे जोडलेले वेस्टगेट हा भेद खरेदीच्या वेळी कामाचा असला, तरी गोंधळाचे मूळ तिथे नाही. या दोन झडपा कोणत्या क्षणी आणि कशामुळे उघडतात, हे नीट समजून घेतले पाहिजे.

वेस्टगेट काम करते ते अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना. कंप्रेसरमधून निघालेला दाब एका बारीक होजमधून अ‍ॅक्च्युएटरच्या (झडप हलवणाऱ्या भागाच्या) डब्यात जातो, आतल्या डायफ्रॅमवरून (लवचीक पडद्यावरून) स्प्रिंग दाबतो, दांडी सरकते आणि झडप उघडून काही एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वळसा घालून डाउनपाइपमध्ये जातो. टर्बाइनला मिळणारा जोर कमी झाला की बूस्ट तिथेच थांबतो. स्प्रिंग ०.५ बारची असेल तर साधारण तेवढ्या बूस्टला झडप उघडू लागते. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) १ बार बूस्ट हवा असेल, तर अ‍ॅक्च्युएटरकडे निघालेला दाब वाटेतल्या सोलेनॉइडमधून (विजेवर चालणाऱ्या झडपेतून) थोडा सोडून देऊन तो झडप मिटलेली ठेवतो. साबने १९७७ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या ९९ टर्बोचे वैशिष्ट्य याच नियंत्रणात होते: लहान टर्बो लावून कमी आरपीएमला लवकर दाब मिळवायचा आणि पुढे वेस्टगेटने त्याला आवरायचे.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह उघडतो तो पाय उचलल्यावर. त्याला कुकरच्या शिट्टीची उपमा देण्याची जी सवय पडली आहे, तीच बहुतेक गैरसमजांची जननी आहे. शिट्टी उडते ती आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हला अशी मर्यादाच नसते. त्याच्या डायफ्रॅमच्या खाली नळीतला बूस्ट असतो, तर वरचा कप्पा होजने थ्रॉटलच्या पलीकडच्या मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाला) जोडलेला असतो. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना दोन्हीकडे जवळपास सारखाच दाब असल्यामुळे स्प्रिंग झडपेला सहज मिटून धरते, मग बूस्ट ०.५ बार असो की १.५ बार. तुम्ही पाय उचलता, थ्रॉटल मिटतो, मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो, आणि वरून ओढ व खालून रेटा मिळून झडप उघडते. म्हणून शाबूत व्हॉल्व्हची स्प्रिंग कितीही आवळली, तरी बूस्ट वाढणार नाही. डायफ्रॅम फाटून हवा गळत असेल तर व्हॉल्व्ह बदलल्यावर गेलेला बूस्ट परत येतो, आणि नेमक्या याच अनुभवावरून लोक उलटा निष्कर्ष काढतात. कमी बूस्टचे कारण दोहोंपैकी कोणीही असू शकते. जादा बूस्टचे खापर मात्र ब्लो-ऑफ व्हॉल्व्हवर फोडता येत नाही.

स्प्रिंग फार आवळली तर पाय उचलल्यावर अडकलेली हवा कंप्रेसरच्या पात्यांवर उलटी आदळते आणि "स्टुटुटुटु" असा आवाज येतो. त्याला 'वेस्टगेट फ्लटर' म्हणून मिरवणारे पाहिले की माझा संयम सुटतो. तो कंप्रेसर सर्जचा आवाज आहे. वेस्टगेटचा त्यात काडीचाही संबंध नाही, आणि जास्त बूस्टवर तो वारंवार होऊ देणे टर्बोच्या बेअरिंगला मानवणारे नाही.

एक्झॉस्ट मोकळा केल्यावर हाच घोळ महागात पडतो. मोठा डाउनपाइप लावला की टर्बाइनच्या मागचा अडथळा कमी होतो, टर्बो अधिक जोमाने फिरतो, आणि मूळ वेस्टगेटचे भोक लहान पडले तर झडप पूर्ण उघडी असूनही आरपीएमबरोबर बूस्ट चढतच राहतो. यालाच बूस्ट क्रीप म्हणतात. अशा वेळी इंजिन नॉकिंग करू लागते (मिश्रण अवेळी पेटून ठोके पडतात) किंवा ईसीयू ताकद कमी करून गाडी लिंप मोडमध्ये टाकतो. उपाय वेस्टगेटचा मार्ग मोठा करण्यात आहे. हवेच्या बाजूला कितीही महागडा व्हॉल्व्ह लावला तरी काहीही साधणार नाही.

हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह घ्यावा की ती परत कंप्रेसरच्या तोंडाशी नेणारा, या प्रश्नावर माझे मत पक्के आहे: रोजच्या गाडीला दुसराच बरा. ज्या गाडीत एमएएफ सेन्सर आत येणारी हवा मोजतो, तिथे मोजून झालेली हवा बाहेर फेकली की ईसीयू तिच्या हिशोबाने पेट्रोल टाकून मोकळा होतो, मिश्रण क्षणभर रिच (पेट्रोल जास्त) होते आणि गिअर बदलताना गाडी अडखळते. केवळ एमएपी (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत हा त्रास फारसा होत नाही, पण तिथेही मिळकत काय, तर आवाज.

डिझेल गाडीला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावण्याची हौस तर मला मुळीच पटत नाही. डिझेल इंजिनाची ताकद इंधन कमी-जास्त करून नियंत्रित होते. पाय उचलल्यावर हवेची वाट बंद होत नाही, त्यामुळे अडकलेला दाब सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. काही डिझेल इंजिनांत थ्रॉटलसारखी फडकी असते, पण ती ईजीआरसाठी (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात नेण्यासाठी) किंवा इंजिन हादरा न देता बंद व्हावे यासाठी. डिझेलसाठी म्हणून विकले जाणारे किट पेडलच्या स्विचवरून सोलेनॉइड उघडते आणि इंजिनाने कष्टाने दाबलेली हवा निव्वळ आवाजासाठी उधळून देते.