अन्नसाखळी, परसातील

वनस्पतीने साठवलेली ऊर्जा एका जीवाकडून त्याला खाणाऱ्याकडे ज्या क्रमाने जाते, तो क्रम. गोव्यात परसात, भाटात (नारळाच्या बागेत) वा कुळागरात (सुपारी-मसाल्यांच्या बागेत) तो पाहण्यासाठी कढीपत्त्याचे झाड सर्वांत सोयीचे.

संकल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. भागवत पुराणाच्या पहिल्या स्कंधात नारद युधिष्ठिराला ‘जीवो जीवस्य जीवनम्’ असे सांगतो. तेथील ‘अपदानि चतुष्पदाम्’ यातील ‘अपद’ म्हणजे गवत असा अर्थ घेतल्यास गवत–गुरे हा दुवा त्यात सापडतो. नवव्या शतकातील अरबी लेखक अल्-जाहिझ यालाही काही अभ्यासक श्रेय देतात. इटालियन प्राणिशास्त्रज्ञ लोरेन्झो कामेरानो याने १८८० मध्ये भक्ष्य-भक्षक संबंधांच्या आकृत्या दिल्या होत्या. तरी आजच्या अर्थाची मांडणी ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टनच्या १९२७ च्या ‘ॲनिमल इकॉलॉजी’पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण साखळीची सांगड प्राण्यांच्या आकाराशी व संख्येशी तेथे घातलेली दिसते. पातळीगणिक (वनस्पती, त्यांना खाणारे, त्या खाणाऱ्यांना खाणारे अशा पायरीगणिक) ऊर्जा घटण्याचा हिशेब अमेरिकन परिस्थितिकीशास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन याने १९४२ मध्ये मांडला. एका पातळीतली सुमारे दहा टक्के ऊर्जाच पुढच्या पातळीत जाते असे म्हणतात; हा आकडा ढोबळ असून परसातील मोजणीतून तो काढता येत नाही.

निरीक्षणासाठी कमरेच्या उंचीचे, औषध न फवारलेले झाड निवडावे. पावसाचा जोर ओसरल्यावर, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, कोवळी पालवी व फुलपाखरे दोन्ही मिळतात. पॅपिलिओ पॉलिटीस व पॅपिलिओ डेमोलिअस या फुलपाखरांच्या माद्या कोवळ्या पानांवर एकेक फिकट पिवळे अंडे घालतात. ते सुमारे ३ ते ५ दिवसांत फुटते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून नवख्याची नजर तिच्यावरून घसरते. शेवटच्या कातीनंतर ती हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे, दोन फाटे असलेले शिंग बाहेर काढते.

अळी असलेल्या फांदीला रंगीत दोरा बांधावा. सकाळी ७ ते ८ व दुपारी ४ नंतर १५ मिनिटे दोन मीटरवरून स्थिर बसून पाहावे. हुमले (पाने जोडून घरटे करणाऱ्या लाल मुंग्या, ओइकोफिला स्मॅरॅग्डिना), सरडा, दयाळ हे अळी खाणारे. सरड्याला भारद्वाज किंवा शिक्रा उचलतो. वहीत साखळी मांडताना बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे काढावा. तो उलटा काढणे ही नेहमीची चूक.

बाण केवळ प्रत्यक्ष खाताना पाहिल्यावरच काढावा. अळी नाहीशी झाली म्हणजे पक्ष्याने खाल्ली असे नव्हे: पूर्ण वाढलेली अळी कोष करण्यासाठी दूरच्या काटकीवर, कधी भिंतीवर जाते. अळीच्या अंगावर वा शेजारी पांढरे बारीक कोश दिसले, तर ते परोपजीवी गांधीलमाश्यांचे असतात. ते अळीची अंडी समजून पुसून टाकू नयेत. साखळीतला हा दुवा बहुतेक वह्यांत गाळलाच जातो.

हुमल्यांना एका पातळीत बसवता येत नाही. ते अळ्या मारतात आणि पिठ्या ढेकणांचा (झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीचा) गोड स्राव पिऊन त्यांची राखणही करतात. एका झाडावरची साखळी अशा ठिकाणी अन्नजाळे, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या साखळ्या, होते. अळी बरणीत ठेवायची झाल्यास तोंडाला जाळीचे कापड बांधावे. बंद झाकणाखाली वाफ धरून विष्ठेवर बुरशी येते व अळी मरते. पाने रोज ताजी द्यावीत.