जीवनसत्त्वांच्या गोळ्या : शिफारशीपेक्षा जास्त घेतल्यास अपाय होतो का?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या औषधांच्या दुकानात हा प्रश्न जवळजवळ रोज विचारला जातो आणि समोर रांग असताना त्याचे उत्तर आम्ही दोन वाक्यांत उरकतो. तेवढ्याने समाधान होत नाही, ग्राहकांचेही नाही आणि आमचेही नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे. उत्तर असे, की रोजच्या शिफारशीपेक्षा थोडे जास्त पोटात गेल्याने बहुतेक निरोगी माणसांना काहीही होत नाही. मात्र अ, ड आणि ब-६ यांसारखी काही जीवनसत्त्वे ठरावीक मर्यादेपलीकडे आठवडेच्या आठवडे घेत राहिल्यास शरीराला खरोखर इजा करतात. आमच्या अनुभवात ही मर्यादा कोणी हौसेने ओलांडत नाही. चिठ्ठी वाचण्यात चूक होते किंवा घरातल्या गोळ्यांच्या तीन-चार पट्ट्यांची बेरीज कोणीच केलेली नसते.

शिफारस आणि मर्यादा हे दोन वेगळे आकडे आहेत

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था भारतीयांसाठी पोषकद्रव्यांच्या रोजच्या शिफारशी ठरवते. शिफारशीचा आकडा असा निवडलेला असतो, की १०० निरोगी माणसांपैकी ९७-९८ जणांची गरज त्यात भागावी. म्हणजे बहुतेकांची प्रत्यक्ष गरज त्याहून कमीच असते आणि एखाद्या दिवशी शिफारशीइतके पोटात गेले नाही म्हणून कोणी आजारी पडत नाही, तसेच दीडपट गेले म्हणूनही पडत नाही. दुसरा आकडा कमाल सुरक्षित मर्यादेचा. रोज, दीर्घकाळ, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय त्यापलीकडे जाऊ नये असा तो आकडा आहे. प्रौढांसाठी ड जीवनसत्त्वाची शिफारस ६०० युनिट आहे आणि मर्यादा ४,००० युनिट. क जीवनसत्त्वाची शिफारस पुरुषांना ८० व स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम आहे, तर मर्यादा २,००० मिलिग्रॅम. अ जीवनसत्त्वाची शिफारस पुरुषांना १,००० मायक्रोग्रॅम आहे आणि मर्यादा केवळ ३,००० मायक्रोग्रॅम. क जीवनसत्त्वात शिफारस आणि मर्यादा यांच्यामध्ये पंचवीसपट किंवा त्याहून अधिक अंतर आहे, अ मध्ये फक्त तिप्पट. कोणत्या डबीकडे अधिक काळजीने पाहायचे, हे या अंतरावरून ठरवावे.

ड जीवनसत्त्व : सर्वाधिक खप आणि सर्वाधिक चुका

घोडबंदर रस्त्याच्या इमारतींतून सकाळी निघून लोकलने वातानुकूलित कार्यालय गाठणारा आणि दिवस मावळल्यावर परतणारा माणूस ऊन पाहतोच कधी? त्यामुळे त्याच्या रक्ततपासणीत ‘डी कमी’ आले तर नवल वाटू नये. अशा वेळी डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पावडरचे पाकीट लिहून देतात, जे आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे घ्यायचे असते. ही मात्रा योग्य आहे. आठवड्यात विभागली तर ती रोजची सुमारे ८,५७० युनिट होते, म्हणजे मर्यादेच्या वर जाते, पण ती मुद्दाम, ठरावीक मुदतीपुरती आणि कमतरता भरून काढण्यासाठी दिलेली असते. घोटाळा होतो तो ‘आठवड्यातून एकदा’ या शब्दांचा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नेहमीच्या ग्राहक असलेल्या एक आजी चार पाकिटांचा खोका घेऊन गेल्या आणि पाचव्या दिवशी दुसरा खोका मागायला आल्या. आधीचा संपला, म्हणाल्या, रोज सकाळी दुधातून घेते. चिठ्ठीवर आठवड्याचा उल्लेख इंग्रजीत होता, त्यांच्या रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या रोजच्या होत्या, तेव्हा हीही रोजचीच असणार असे त्यांनी धरून चालणे अगदी स्वाभाविक होते. चार दिवसांत २,४०,००० युनिट पोटात गेली होती. आम्ही तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी पावडर थांबवून रक्तातील कॅल्शियम तपासून घेतले आणि ते सुदैवाने ठीक निघाले. परंतु तोच क्रम दोन महिने चालला असता तर आकडा ३६ लाखांवर गेला असता. चूक आमचीही होती, कारण खोका हातात देताना आम्ही केवळ तोंडी सांगितले होते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक पाकिटावर जाड पेनने वार आणि तारीख मराठीत लिहून देतो : ‘रविवार, ६ तारीख’, ‘रविवार, १३ तारीख’. यात दोन मिनिटे जास्त लागतात. रांगेतल्या मंडळींनी तेवढा धीर धरावा, ही विनंती.

ड जीवनसत्त्वामुळे आतड्यातून कॅल्शियम अधिक शोषले जाते. तेच त्याचे काम आहे. प्रमाणाबाहेर झाले की रक्तातील कॅल्शियम वाढत जाते आणि मग खूप तहान लागणे, वारंवार लघवी होणे, बद्धकोष्ठता, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, थकवा आणि वयस्कर माणसांत गोंधळल्यासारखे वागणे अशी लक्षणे दिसू लागतात. दुर्लक्ष झाले तर मूतखडे होतात आणि मूत्रपिंडांचे कायमचे नुकसान होऊ शकते. यातले एकही लक्षण ओरडून सांगत नाही. घरात ‘पित्त झाले असेल’, ‘वयच झाले आता’ असे म्हणून ते सोडून दिले जाते, ही आम्हाला सर्वांत जास्त काळजीची बाब वाटते. शिवाय हे जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे गोळी बंद केल्यावरही त्याचा परिणाम कित्येक आठवडे, कधी महिने टिकतो. रक्ततपासणीत त्याची पातळी मिलिलिटरला १५० नॅनोग्रॅमच्या वर गेली असेल तर ती विषारी मानली जाते. उन्हात बसून मात्र असे कधीच होत नाही, कारण गरजेपेक्षा जास्त तयार झालेले ड त्वचाच मोडून टाकते. तेव्हा तलावपाळीवर सकाळच्या कोवळ्या उन्हात फेऱ्या मारणाऱ्यांनी निश्चिंत असावे.

अनेकदा एकाच माणसाकडे आठवड्याची ६०,००० युनिटची कॅप्सूल, दिवसातून दोनदा घ्यायची कॅल्शियमची गोळी, जिच्यात प्रत्येकी ५०० युनिट ड असते, आणि वर ४०० युनिटची मल्टिव्हिटॅमिन अशा तीन वस्तू असतात. रोजची बेरीज जवळपास १०,००० युनिट होते. पहिले दोन महिने हे डॉक्टरांच्या माहितीत असेल तर हरकत नाही, परंतु आठ आठवडे उलटून गेल्यावरही जुन्या चिठ्ठीवर तीच कॅप्सूल पुन्हा पुन्हा नेली जाते, तिथे आम्ही थांबवून विचारतो. ६ लाख युनिटचे इंजेक्शन आधीच घेतले असेल तर तेही आम्हाला सांगावे.

अ, ई आणि के

अ जीवनसत्त्व यकृतात साठते. दीर्घकाळ जास्त मात्रा घेतल्यास डोकेदुखी, केस गळणे, त्वचा कोरडी पडणे आणि यकृताला इजा होणे हे परिणाम ज्ञात आहेत. केस गळतात म्हणून आणखी एक ‘केसांची’ डबी आणली जाते आणि तिच्यातही अ असते, असा फेरा आम्ही पाहिला आहे. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, रेटिनॉल स्वरूपातील अ जीवनसत्त्व रोज १०,००० युनिटपेक्षा (सुमारे ३,००० मायक्रोग्रॅमपेक्षा) अधिक गेल्यास बाळात जन्मजात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून हे अ भरपूर असलेल्या कॉड लिव्हर ऑइलच्या (माशाच्या यकृताच्या तेलाच्या) कॅप्सूल गर्भवतींनी मनाने घेऊ नयेत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असणाऱ्यांनीही अ असलेली पूरक गोळी घेऊ नये, कारण ते औषध त्याच कुळातले आहे. गाजर आणि लाल भोपळ्यातील बीटा-कॅरोटीनने, ज्यापासून शरीर अ बनवते, हा धोका नसतो, फार खाल्ल्यास तळहात पिवळसर दिसतात इतकेच. पण तेच बीटा-कॅरोटीन गोळीतून घेतले तर गोष्ट वेगळी होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्या ग्राहकांना आम्ही अशी गोळी देत नाही.

ई जीवनसत्त्वाच्या ४०० युनिटच्या कॅप्सूल त्वचेसाठी म्हणून सर्रास घेतल्या जातात. ३५,००० हून अधिक पुरुषांच्या एका अमेरिकी अभ्यासात ही मात्रा रोज वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त दिसला. चेहऱ्याला लावण्याचा प्रश्न निराळा, पोटात महिनोन्महिने घेण्याआधी मात्र विचारावे. के जीवनसत्त्व रक्त गोठण्यास मदत करते, म्हणून रक्त पातळ राहावे यासाठी वॉरफेरिन किंवा असेनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी के असलेली गोळी स्वतःहून सुरूही करू नये आणि चालू असलेली बंदही करू नये.

‘लघवीवाटे निघून जाते’ हे कितपत खरे

ब गटातील जीवनसत्त्वे आणि क पाण्यात विरघळतात व जादा भाग लघवीतून बाहेर पडतो, हे बऱ्याच अंशी खरे आहे. ब-कॉम्प्लेक्सनंतर लघवी गर्द पिवळी होते ती ब-२ मुळे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ब-१२ ची सुरक्षित मर्यादा ठरवावी इतकाही अपाय आढळलेला नाही. क जीवनसत्त्व मर्यादेपलीकडे गेले तर जुलाब होतात आणि ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांना तो वाढू शकतो.

परंतु ब-६ हा या नियमाला ठळक अपवाद आहे. त्याची रोजची गरज सुमारे २ मिलिग्रॅम असते आणि मोठ्या मात्रेत ते महिनोन्महिने घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होते : तळपायांना मुंग्या येणे, बधिरपणा, चालताना तोल जाणे. १९८३ साली अमेरिकेत अशा सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, ते रोज २ ते ६ ग्रॅम घेत होते. त्यानंतर बरीच लहान मात्राही काहींना बाधल्याचे दिसले आणि २०२३ साली युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी रोजची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली, जी आपल्याकडे व अमेरिकेत १०० मिलिग्रॅम धरली जाते. मुंग्या येतात म्हणून ‘नसांची गोळी’ मागितली जाते, तिच्यात बहुधा ब-६ असते, आणि मुंग्या वाढल्या की माणूस दिवसाला एकाऐवजी दोन घेऊ लागतो. मधुमेह असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण त्यांच्या मुंग्यांना साखर, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधामुळे कमी झालेले ब-१२ आणि जादा झालेले ब-६ यांपैकी काहीही कारणीभूत असू शकते. ते तपासल्याशिवाय कळत नाही. फॉलिक ॲसिडचेही तसेच आहे. जास्त मात्रेने रक्ताचा अहवाल सुधारतो, पण ब-१२ ची कमतरता आत तशीच राहून नसांना इजा करत राहते. गर्भवतींना डॉक्टरांनी दिलेले फॉलिक ॲसिड मात्र अत्यावश्यक आहे, ते कोणीही या पत्रकामुळे बंद करू नये.

केसांसाठी घेतले जाणारे बायोटिन हे ब गटातील जीवनसत्त्व शरीराला अपाय करत नाही, तरी थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे ते चुकवू शकते. रक्त देण्यापूर्वी तपासणी केंद्रात त्याचा उल्लेख जरूर करावा.

लहान मुलांच्या गोड जेली-गोळ्या खाऊच्या डब्याशेजारी ठेवू नयेत. मोठ्यांच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये अनेकदा लोह असते आणि लहान मुलाने मूठभर लोहाच्या गोळ्या गिळल्या तर जीवावर बेतते. असे घडल्यास उलटीची वाट न पाहता, पट्टी सोबत घेऊन, थेट रुग्णालय गाठावे.

घरातील सगळ्या पट्ट्या, डब्या आणि पावडरी, अर्धवट राहिलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून दुपारी २ ते ४ या वेळेत दुकानात आणाव्यात. आम्ही प्रत्येक जीवनसत्त्वाची रोजची बेरीज कागदावर मांडून देतो, त्यासाठी पैसे घेत नाही आणि गोळ्या आमच्याच दुकानातून घेतलेल्या असाव्यात अशी अटही नाही. बेरीज मर्यादेपलीकडे गेलेली दिसली तर तो कागद आपल्या डॉक्टरांना दाखवावा. कोणती गोळी थांबवायची, हे तेच ठरवतील.