इंजिनाची पुली बदलण्यापूर्वी

मोटारीच्या इंजिनाच्या एका टोकाला क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, बसवलेली पुली वरवर पाहता खोबणी पाडलेल्या साध्या चकतीसारखी दिसते. तिच्यावरून फिरणारा रबरी पट्टा अल्टरनेटर (गाडीसाठी वीज तयार करणारे यंत्र), वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर आणि पुष्कळ गाड्यांमध्ये इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंपही चालवतो. ही मूळ पुली काढून तिच्या जागी ॲल्युमिनियमची हलकी किंवा कमी व्यासाची पुली घरच्या घरी बसवणारे हौशी लोक बरेच आहेत. काम आवाक्यातले आहे. मात्र त्यातून काय मिळते आणि काय गमावले जाते, हे पाना हाती घेण्यापूर्वी तपासायला हवे.

प्रथम वजनाचा विचार करू. मूळ पोलादी पुली २.५ किलोग्रॅमची, नवी ०.८ किलोग्रॅमची आणि दोन्हींची त्रिज्या ८ सेंटिमीटर आहे असे मानू. दोन्ही भरीव चकत्या धरल्या, पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे १४ फेरे होतात असे समजले आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर घेतली, तर वेग घेताना होणारा फायदा गाडीचे वजन सुमारे १२ किलोग्रॅमने घटवल्याइतका असतो. वरच्या गिअरमध्ये हेच प्रमाण साडेतीन फेऱ्यांवर आले, की फिरण्यातील जडत्वामुळे होणारी बचत एका किलोग्रॅमपेक्षाही कमी उरते, आणि एकसारख्या वेगाने जाताना तर ती शून्यच असते. गाडी उभी असताना इंजिन चटकन फेरे घेते, हा अनुभव खरा आहे. पण त्यावरून रस्त्यावरच्या वेगाचा अंदाज बांधू नये.

कमी व्यासाच्या पुलीचे गणित वेगळे आहे. तिच्यामुळे पट्ट्यावरची सगळी उपकरणे सावकाश फिरतात. पाण्याचा पंप केंद्रोत्सारी, म्हणजे फिरत्या पात्यांनी पाणी बाहेर फेकणारा, असल्याने त्याला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १५ टक्क्यांनी उतरला, तर शक्तीची गरज जवळजवळ ३९ टक्क्यांनी घटते. ही बचत आकर्षक वाटते, परंतु पंपाला मुळात इंजिनाच्या शक्तीचा लहानसाच भाग लागतो आणि पाण्याचा प्रवाहही त्याच वेळी सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतो. गर्दीत गाडी थांबून इंजिन मंद चालू असते, तेव्हा ही उणीव जाणवते. त्याच वेळी अल्टरनेटरची वीजही घटते, आणि दिवे, पंखा व वातानुकूलन चालू असेल तर बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होऊ लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र पुलीच्या आत दडलेली असू शकते. क्रँकशाफ्ट पोलादी असला तरी प्रत्येक ज्वलनाच्या धक्क्याने तो किंचित पिळला जातो आणि उलट उसळतो. चार सिलिंडरच्या चतुर्घाती इंजिनात एका फेऱ्यात दोन ज्वलने होतात, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० धक्के बसतात. शिवाय या धक्क्यांमध्ये २००, ३०० अशा पटीतल्या कंपनांचाही अंश असतो. यांपैकी एखादी वारंवारता शाफ्टच्या स्वतःच्या पिळाच्या वारंवारतेशी जुळली, की अनुनाद होऊन पीळ वाढत जातो. सहा सिलिंडरच्या लांब क्रँकशाफ्टमध्ये हा त्रास सुरुवातीच्या मोटारींतच दिसून आला होता, आणि १९१० च्या सुमारास इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्यावर डॅम्पर, म्हणजे कंपन शोषणारा भाग, योजला. आजच्या अनेक गाड्यांमध्ये तो डॅम्पर म्हणजे पुलीच होय. तिचा मधला भाग आणि बाहेरचे जड कडे यांच्यामध्ये रबराचा थर असतो. शाफ्ट थरथरला की कडे मागे रेंगाळते, रबर ताणले जाते आणि कंपनाच्या ऊर्जेची उष्णता होते.

तेथे भरीव ॲल्युमिनियमची पुली बसवली, तर कंपन शोषणारे काहीच उरत नाही. चालकाला ते जाणवेलच असे नाही, कारण हा पीळ शाफ्टमध्येच राहतो. परिणाम पुढे दिसतात: मुख्य बोल्ट सैल होणे, शाफ्टवरून थेट चालणाऱ्या ऑइल पंपाचे दाते तुटणे, क्वचित शाफ्टलाच तडा जाणे. काही लहान इंजिनांची मूळ पुलीही रबराविना असते आणि तेथे ही भीती लागू होत नाही. पण मूळ पुलीत रबर असेल, तर रोजच्या वापराच्या गाडीत भरीव पुली बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्यक्ष बसवताना गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी, बॅटरीची तार काढावी आणि पट्ट्याचा मार्ग कागदावर रेखाटून घ्यावा. मुख्य बोल्ट फार घट्ट असतो. त्यासाठी क्रँकशाफ्ट योग्य अवजाराने अडवून धरावा, आणि स्टार्टरच्या झटक्याने तो बोल्ट सोडवण्याची युक्ती कधीही करू नये. पुलरचे (पुली ओढून काढण्याच्या अवजाराचे) बोल्ट पुलीच्या मधल्या भागात लावावेत, कारण बाहेरच्या कड्याला ओढ दिल्यास रबर फाटते. काही इंजिनांत टायमिंगचे, म्हणजे झडपा व पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ राखणारे, दातेरी चाक खाचेत बसणाऱ्या धातूच्या चावीविना, केवळ या बोल्टच्या दाबावर धरलेले असते. अशा इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) आणि क्रँकशाफ्ट आधी जागी अडकवले नाहीत, तर टायमिंग सरकून झडपा पिस्टनवर आदळू शकतात. म्हणून त्या इंजिनाची कार्यपुस्तिका समोर असल्याशिवाय बोल्टला हात लावू नये.

पुली निघालीच आहे, तर तिच्या मागचे ऑइल सील (तेल बाहेर गळू न देणारे कडे) पाहून घ्यावे. नव्या पुलीवर टायमिंगच्या खुणा आहेत का, आणि सेन्सरसाठी दाते लागत असतील तर तेही आहेत का, हे तपासावे. पट्टा पुलीला साधारण अर्धा वेढा देत असेल आणि व्यास २० मिलिमीटरने कमी झाला असेल, तर सुमारे ३१ मिलिमीटर आखूड पट्टा लागतो. पुस्तिकेत बोल्ट एकदाच वापरण्याचा सांगितला असेल तर नवा घ्यावा, आणि तो टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), सांगितलेल्या अंशाच्या वळणासह आवळावा. शेवटी सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत का, हे सरळ पट्टी लावून पाहावे, इंजिन मंद चालू ठेवून दिवे व पंखा लावावा आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. ते १३ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर ही पुली त्या गाडीसाठी फार लहान आहे.