पाऊस थोडाच घटला, मग नदी एवढी का आटली?

पाऊस दहा टक्के कमी झाला म्हणजे नदीचं पाणीही दहा टक्केच कमी होणार असं आपण धरून चालतो, आणि इथेच हिशोब चुकतो. पडलेल्या पावसावर पहिला हक्क नदीचा नसतोच. आधी माती भिजते, झाडं पितात, बरंचसं वाफ होऊन उडून जातं, काही खोल मुरतं आणि मग जे उरेल ते ओढ्यानाल्यांतून नदीला मिळतं. यालाच अपधाव म्हणतात.

समजा एका पाणलोटात वर्षाला १००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातले ७०० माती, झाडं, ऊन मिळून घेतात. नदीला उरले ३००. आता पाऊस ९०० वर आला, पण झाडांची तहान काही तेवढी घटत नाही, ती ६८० झाली असं धरू, तर नदीला फक्त २२० उरतात, म्हणजे पाऊस १० टक्के कमी आणि नदी जवळपास २७ टक्के कमी!

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पर्थच्या आसपास, १९७० च्या दशकापासून हिवाळी पाऊस साधारण १५ ते २० टक्के घटला, पण धरणांत येणारं पाणी निम्म्याहूनही कमी झालं. कारण भूजलाची पातळी खाली खाली जात राहिली, आणि पूर्वी जमिनीतून झिरपून ओढ्यांना जो आधार मिळायचा तो बऱ्याच ठिकाणी तुटला, आता पहिले कित्येक पाऊस कोरडी जमीनच पिऊन टाकते.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती त्याच देशातल्या व्हिक्टोरिया राज्याची गोष्ट. तिथे १९९७ ते २००९ असा लांबलचक दुष्काळ पडला, मग पाऊस परत आला, पण त्यानंतर सातेक वर्षांनीही जवळजवळ एक तृतीयांश पाणलोटांत नद्या पूर्वपदावर आल्या नव्हत्या. तेवढाच पाऊस, पण अपधाव आधीपेक्षा कमी. म्हणजे पाऊस आणि नदी यांचं नातंच बदललं होतं, आणि नदीला किती पाणी येईल याचे अंदाज बांधताना आपण तर जुनंच नातं कायम धरतो.

म्हणून नुसती पावसाची सरासरी बघून भागत नाही, पर्जन्यमापक आणि नदीवरचं प्रवाहमापन केंद्र या दोन्हींच्या निदान तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात, मधे एखादं धरण झालं का, जंगल तुटलं का, बोअर वाढले का हेही तपासावं लागतं.