पाटीवरचे २० आणि रस्त्यावरचे ८०

मुंबई–गोवा महामार्गावर किती वेगाने जायचे, हे पूर्वी पाटी सांगत नसे, रस्ताच सांगत असे. कशेडी, भोस्ते, परशुराम असे एकामागून एक घाट आणि मधे जगबुडी-वाशिष्ठीवरचे जुने पूल. समोरून एसटी येताना दिसली की अलीकडे थांबायचे, वळणावर हॉर्न द्यायचा, रात्री डिपर मारायचा. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हे १९८९च्या वाहतूक नियमावलीतही होते. इथल्या चालकांनी ते वाचून आत्मसात केले असेल असे वाटत नाही.

इंडिकेटरचीही स्वतंत्र भाषा होती, अजून आहे. पुढच्या ट्रकने डावा इंडिकेटर दिला म्हणजे ‘जा पुढे’, उजवा दिला म्हणजे ‘थांब, समोरून येतंय’. दोन पदरी रस्त्यावर हे चालून गेले. आता दुभाजक असलेल्या सलग तुकड्यावर डावा इंडिकेटर देणारा ट्रक खरोखरच गावाच्या फाट्याला वळत असतो आणि मागचा, सवयीने, वेग वाढवतो.

चौपदरीकरण २०११ मध्ये पनवेल–इंदापूर टप्प्यापासून सुरू झाले. मधल्या काळात जगबुडीच्या पुलावरून खासगी बस कोसळली (मार्च २०१३), सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला (ऑगस्ट २०१६), आणि रस्त्याचे काम तुकड्या-तुकड्याने पुढे सरकत राहिले. सिंधुदुर्गातला भाग आधी झाला, रायगड आणि रत्नागिरीतला रखडला. वेगमर्यादेचा सगळा गुंता या तुकड्यांतून आलेला आहे.

एप्रिल २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने मोटारींसाठी दुभाजक असलेल्या चार किंवा अधिक पदरी रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर, तर इतर रस्त्यांवर ७० अशी कमाल मर्यादा ठरवली. मालवाहू गाड्यांना अनुक्रमे ८० आणि ६०. २०२१ मध्ये दक्षिणेतल्या एका उच्च न्यायालयाने ही अधिसूचनाच रद्द ठरवली, पण कोकणातली अडचण त्या निकालाच्याही आधीची. ‘चार पदरी, दुभाजक असलेला’ म्हणजे नेमका कोणता? रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या आसपास दोन किलोमीटर काँक्रीटचा चौपदरी, मग डायव्हर्जन, दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच अंगावर, मग पुन्हा चौपदरी. डायव्हर्जनवर रस्ता चौपदरी ‘आहे’ की ‘होणार आहे’? गाडी मात्र ८०-९०च्या वेगात असतानाच सिमेंटचे अडथळे आणि लाल-पांढरे पिंप समोर येते, नि त्याच्यावर रंगवलेले २०. ऐंशी-नव्वदवरून वीसवर यायला चालकाला जेवढे अंतर लागते, तेवढे बहुतेक ठिकाणी दिलेलेच नसते.

हे २० नक्की कोणाचे, हा वादाचा खरा मुद्दा. मोटार वाहन कायद्याच्या ११२व्या कलमानुसार राज्य सरकारला रस्त्याच्या किंवा पुलाच्या स्वरूपामुळे वेग कमी ठेवायचा तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि पाट्या लावाव्या लागतात. फक्त महिनाभरापेक्षा जास्त काळ चालणार नसलेल्या मर्यादेला राजपत्राची गरज नाही. सवलत महिनाभराची, डायव्हर्जन मात्र तीन-तीन पावसाळे पाहिलेले. ठेकेदाराच्या माणसाने ब्रशने काढलेल्या आकड्यामागे अधिसूचना आहे की नाही, हे रस्त्यावरच्या चालकाला कळायला मार्ग नाही. त्यामुळे तो आकडा मर्यादा नसून सल्ला आहे, अशी समजूत झाली. ती चुकीची असली तरी आकाशातून पडलेली नाही.

अंमलबजावणीचा बदल याच्या नंतरचा. जुन्या कायद्यात अतिवेगाचा पहिला दंड कमाल ४०० रुपये होता. २०१९च्या दुरुस्तीने तो हलक्या गाड्यांना १,००० ते २,००० झाला आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२१पासून लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅमेऱ्यांबाबत केंद्राचे नियम आले: जिथे नजर ठेवली जाते, त्याच्या आधी स्पष्ट इशाऱ्याच्या पाट्या लावायच्या, आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची. वाहतुकीच्या नव्या गाड्यांना २०१५पासून वेगनियंत्रक सक्तीचे आहेत: सर्वसाधारण ८०, डंपरला ६०. चिऱ्यांच्या आणि खाणीच्या डंपरमागे रोज जाणाऱ्यांना हे ६० वाचून हसू येईल.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते, जी कुठल्याच अधिसूचनेत नाही. शेत आणि माळ ओले, म्हणून गुरे संध्याकाळपासून काँक्रीटवर येऊन बसतात. अंधारात काळी म्हैस फार उशिरा दिसते. गावातला रिक्षावाला त्या पट्ट्यात आपोआप चाळिशीवर येतो, बाहेरचा येत नाही. मासळीची गाडी तर बाजार गाठायचा असल्याने येतच नाही.

गणपतीच्या आधी अवजड वाहनांना बंदी घालतात. तरी चाकरमान्यांच्या गाड्या माणगावच्या बाजारपेठेतून इंच-इंच सरकतात, तासभर तिथेच जातो. तिथून सुटलेली गाडी पुढे मोकळा तुकडा लागला की तो तास भरून काढू पाहते. स्पीडगन लावलेली गाडी बहुतेक तिथेच उभी असते, डायव्हर्जनच्या पिंपाजवळ मी तरी कधी पाहिलेली नाही.