थर्मोकोलचा पंख आणि इपॉक्सीचा गैरसमज

रेडिओ कंट्रोल विमानाचं किट जोडणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला: थर्मोकोलच्या गाभ्यावर बाल्साचे (हलक्या लाकडाचे) पातळ पत्रे चिकटवताना इपॉक्सी (दोन भाग मिसळून होणारा गोंद) सढळ हाताने लावा, पंख मोडणार नाही. हे चूक आहे. उडताना पंख वर वाकतो. तेव्हा वरचा बाल्साचा पत्रा दाबला जातो, खालचा ताणला जातो. भार पेलतात ते हे पत्रे. गाभा फक्त त्यांना अंतरावर धरतो आणि सुरकुतू देत नाही. जादा इपॉक्सीने वाढतं ते वजन, आणि त्यासोबत उतरण्याचा वेग. म्हणून जुन्या एटीएम कार्डाने इपॉक्सी पातळ पसरावा, उरलेला खरवडून काढावा. मग गाभा ज्या ठोकळ्यातून कापला त्याच्याच उरलेल्या तुकड्यांत (पॅकिंग समजून लोक ते फेकतात!) पंख ठेवून सपाट टेबलावर रात्रभर वजनाखाली दाबावा. बळकटी हवीच, तर मधल्या सांध्यावर फायबरग्लासची पट्टी चिकटवा. साधा सुपरग्लू मात्र नको, तो थर्मोकोल विरघळवतो.